बार्बाडोसहून घर गाठताना

परदेशात सामना बघायला निघालेल्या माणसाला तिकीट कोणत्या स्टँडचं, हॉटेल मैदानापासून किती लांब, आधीच्या सामन्यात खेळपट्टी कशी होती, सगळं तोंडपाठ असतं. परत कसे येणार, असं विचारलं की म्हणतो, ‘कसे म्हणजे? विमानानं.’ २०२४ च्या टी-२० विश्वचषकाची फायनल बघून आम्ही बार्बाडोसहून मुंबई गाठली. तेव्हापासून हा प्रश्न मी भेटेल त्याला विचारतो आणि उत्तर आलं तरी पाठ सोडत नाही.

आम्ही तिघं गेलो होतो: मी, बायको आणि माझे मेहुणे. सेमीफायनल गयानात, २७ जूनला. फायनल बार्बाडोसच्या राजधानीत, ब्रिजटाउनला, शनिवारी २९ जूनला. पाऊस आलाच तर रविवार हा राखीव दिवस होता, म्हणून आम्ही परतीचं विमान सोमवारचं, १ जुलैचं धरलं. फायनलच्या संध्याकाळीच निघणारी काही मंडळी हॉटेलात भेटली. त्यांना आम्ही मनातल्या मनात वेड्यात काढलं. झालं उलटंच. सामना वेळेत संपला, ते सुखरूप निघून गेले आणि शहाणे अडकले.

तरीही माझं मत बदललेलं नाही. राखीव दिवस सोडून त्यापुढचंच विमान घ्यावं. २०१९ ला मँचेस्टरमधली भारत-न्यूझीलंड सेमीफायनल आठवा. ९ जुलैला न्यूझीलंडची ४६.१ षटकं झाली आणि पाऊस आला. उरलेला सगळा खेळ, जडेजाचे ७७ आणि धोनीचा तो रनआउट धरून, १० जुलैला झाला. ज्यांचं १० तारखेच्या सकाळचं विमान होतं, त्यांनी हजारो मैल जाऊन भारताच्या फलंदाजीचा एकही चेंडू पाहिला नाही. त्यामुळे राखीव दिवसाचा हिशेब धरायचाच. आम्ही धरला नव्हता तो हिशेब हवामानाचा, आणि त्यासाठी ज्योतिषी लागत नाही. अटलांटिकमधला चक्रीवादळांचा मोसम १ जून ते ३० नोव्हेंबर असा जाहीर असतो. आयसीसीनं स्पर्धा जूनमध्ये ठेवली, आपण तिकिटं काढली, सनस्क्रीन घेतलं, आणि जून म्हणजे तिथे काय हे कुणी पाहिलं नाही.

बेरिल वादळाला नाव मिळालं २८ जूनला. फायनलच्या दिवशी शेवटच्या षटकात सोळा धावा हव्या असताना सूर्यकुमारनं मिलरचा तो झेल सीमेवर घेतला. आमच्या जागेवरून दोरी धड दिसत नव्हती. तो झेल आम्ही आधी समोरच्या लोकांच्या ओरडण्यावरून समजलो आणि मग पडद्यावर पाहिला. त्याच दिवशी संध्याकाळी बेरिलचं हरिकेन झालं. आम्ही तेव्हा सेंट लॉरेन्स गॅपच्या रस्त्यावर ओळखपाळख नसलेल्या माणसांच्या गळ्यात पडत होतो. सात धावांनी जिंकलेला विश्वचषक; कोण कशाला हवामान बघतंय!

बघितलं ते हॉटेलच्या बाईंनी. रात्री परत आल्यावर काउंटरवरच्या त्या वयस्क बाईंनी अभिनंदन केलं आणि त्याच दमात विचारलं, तुमची खोली सोमवारपर्यंतच आहे, पुढे वाढवू का? बायको मला म्हणाली, ‘अहो, ही बाई उगाच विचारत नाहीये. वाढवून टाका.’ आम्ही तिथेच वाढवली. दुसऱ्या दिवशी दुपारी त्याच काउंटरपाशी रांग होती आणि खोल्या संपलेल्या होत्या. स्थानिक माणूस हवामानाबद्दल बोलायला लागला की हातातलं काम टाकून ऐकावं. त्यांनी ही वादळं आयुष्यभर पाहिलेली असतात.

रविवारी संध्याकाळी विमानतळ बंद झाला आणि सगळं बेट घरात गेलं. हॉटेलवाल्यांनी तळमजल्याच्या काचांवर प्लायवूड ठोकलं, प्रत्येक खोलीत टॉर्च दिला आणि बाथटब काठोकाठ भरून ठेवायला सांगितलं. वीज गेली की पंप बंद, मग संडासात ओतायला पाणी कुठून आणणार? आपल्याकडे नळाला पाणी जाणार म्हटलं की पिंप भरतात तसंच. बायकोनं तर रिकाम्या बाटल्या, चहाची किटली, बर्फाची बादली, सगळं भरलं. पहाटे वारा सुरू झाला तो नुसता आवाज नव्हता, दाराची चौकट थरथरत होती. आणि हे केव्हा, तर वादळ बार्बाडोसच्या दक्षिणेकडून निघून गेलं तेव्हा. खरा तडाखा बसला तो ग्रेनाडाच्या कॅरियाकू बेटाला, चौथ्या श्रेणीचं वादळ होऊन. ब्रिजटाउनच्या मासेमारी बंदरात नावा एकमेकींवर आपटून फुटल्या होत्या. ते पाहिल्यावर विमान चुकल्याची कुरकुर करायची लाज वाटली. कुरकुर केली, पण हळू आवाजात.

आता मुद्द्यावर येतो. वादळ गेलं म्हणजे विमानं लगेच उडतात असं नाही. धावपट्टी तपासतात, दुसरीकडे नेऊन ठेवलेली विमानं परत आणतात, कर्मचाऱ्यांच्या सक्तीच्या विश्रांतीचे तास भरावे लागतात. तोवर दोन-तीन दिवसांचे प्रवासी साचलेले असतात आणि पुढच्या विमानात जागा असतात मोजक्या. ऐन हंगामात पुढची विमानं आधीच भरलेली. त्यामुळे एक दिवस बंद पडलेला विमानतळ तुमचे चार-पाच दिवस खाऊ शकतो. पुढच्या विमानांची चौकशी सुरू झाली तेव्हा माणसांचे गट पडले. कुणाची सुटका लवकर झाली आणि कुणाची नाही, यात नशिबाचा भाग थोडा होता. जास्त भाग होता तिकीट आणि व्हिसा कसा काढला होता याचा.

आमचं मुंबई-लंडन-ब्रिजटाउन आणि परत असं एकच तिकीट, एकाच पीएनआरवर. मेहुण्यांनी तसं केलं नव्हतं. लंडनपर्यंतचं एका कंपनीचं आणि लंडन ते मुंबई दुसऱ्या कंपनीचं, वेगळं. त्यात त्यांचे बरेच पैसे वाचले होते, आणि ते किती हे त्यांनी आम्हाला गयानात, बार्बाडोसमध्ये आणि मधल्या विमानातही सांगितलं होतं. पहिलं विमान रद्द झाल्यावर आमचं लंडनपुढचं तिकीट आपोआप पुढे सरकलं. ते सरकवणं कंपनीचं काम होतं. मेहुण्यांच्या दुसऱ्या कंपनीला बार्बाडोसमध्ये वादळ आलं काय नि गेलं काय, देणंघेणं नव्हतं. तिच्या लेखी हा प्रवासी विमानतळावर आलाच नाही, तिकीट बुडालं. लंडनहून मुंबईचं नवं तिकीट त्यांनी आयत्या वेळच्या भावानं काढलं. त्यानंतर त्यांनी बचतीचा विषय काढला नाही, आणि आम्हीही काढला नाही. बायकोचे सख्खे भाऊ आहेत.

वेगळी तिकिटं काढूच नयेत असं नाही. पण ती काढायची असतील तर मधे निदान एक रात्र सोडावी आणि त्या गावात उतरण्याचा व्हिसा हातात असावा. कारण तिकिटं वेगळी असली की बहुतेक वेळा सामान थेट मुंबईपर्यंत जात नाही. ते पट्ट्यावरून उचलून पुन्हा चेक-इन करावं लागतं आणि त्यासाठी इमिग्रेशन ओलांडून बाहेर यावं लागतं.

व्हिसाचा फटका सगळ्यात जास्त बसला तो आमच्या हॉटेलातल्या नागपूरच्या एका कुटुंबाला. बार्बाडोसला भारतीय पासपोर्टवर व्हिसा लागत नाही, हे कळल्यावर आपल्याकडे बहुतेक जण खूश होऊन तिथेच थांबतात. पण बार्बाडोसला आपल्याकडून थेट विमान नाही. मधे सहसा लंडन, नाहीतर अमेरिका, नाहीतर कॅनडा. या कुटुंबानं ब्रिटनचा फक्त विमानतळाच्या आतल्या आत विमान बदलण्याचा ट्रान्झिट व्हिसा काढला होता. मूळ तिकिटाला तो पुरेसा होता. विमान रद्द झाल्यावर कंपनीनं पहिला पर्याय दिला त्यात लंडनला रात्रभराचा मुक्काम होता आणि मुंबईचं विमान दुसऱ्या दिवशी. या व्हिसावर बाहेर पडून हॉटेलात जाता येत नाही. दुसरा पर्याय मायामीवरून. अमेरिकेत नुसतं विमान बदलायचं असलं तरी इमिग्रेशनमधून जावंच लागतं आणि व्हिसा लागतोच, तो नव्हता. टोरांटोवरून जायचं तर कॅनडाचा ट्रान्झिट व्हिसा. जागा समोर दिसत होत्या आणि घेता येत नव्हत्या. ते काका रोज सकाळी नाश्त्याला मला विचारायचे, ‘काय हो, तुमचं लागलं का?’ आमचं लागलं त्या दिवशी त्यांना काय सांगावं हे मला सुचेना.

म्हणून माझा सल्ला असा की ट्रान्झिट व्हिसा स्वस्त पडतो म्हणून त्यावर भागवू नये. ज्या देशावरून जायचं त्याचा पर्यटक व्हिसाच काढावा. खर्च जास्त, कागद जास्त, पण मार्ग बदलला तर तुम्ही हलू शकता. घरात कुणाकडे अमेरिकेचा चालू व्हिसा असेल तर तो जुन्या पासपोर्टवर आहे का, आणि तो जुना पासपोर्ट बरोबर घेतला आहे का, तेही पाहावं. कपाटात ठेवलेला व्हिसा ब्रिजटाउनला उपयोगी पडत नाही. बार्बाडोसमध्ये भारताचा निवासी दूतावासही नाही, तेव्हा कागद हरवले तर काम लांबतं.

विमान रद्द झाल्याचा निरोप येतो तेव्हा मोबाइलवर दोन बटणं दिसतात: दुसरं विमान किंवा पैसे परत. रागाच्या भरात ‘पैसे परत’ दाबणारे मी पाहिले. ते बटण दाबलं की कंपनीची जबाबदारी संपते. घरी पोचवण्याचीही आणि तोवर सांभाळण्याचीही. आमची विमान कंपनी ब्रिटनची होती. ब्रिटनच्या कायद्याप्रमाणे बाहेरून ब्रिटनला येणारं विमान तिथल्या किंवा युरोपीय संघातल्या कंपनीचं असेल आणि ते रद्द झालं, तर पुढच्या विमानापर्यंत जेवणाखाण्याची आणि राहण्याची सोय कंपनीनं करायची असते, कारण हवामान असलं तरी. नुकसानभरपाई मात्र हवामानाच्या कारणानं मिळत नाही. या दोन गोष्टींची गल्लत करून लोक काउंटरवर भांडतात, आणि जे मिळणार नाही त्यासाठी भांडण्यात जे मिळणार आहे ते मागायचं राहून जातं. आम्ही हॉटेलची बिलं, जेवणाच्या पावत्या, अगदी टॅक्सीची चिठ्ठीसुद्धा एका पाकिटात ठेवली. आणि विमान अमुक तारखेचं, अमुक कारणानं रद्द, असं पत्र कंपनीकडून लेखी घेतलं. हे पत्र तिथे मागितलं तर दहा मिनिटांत मिळतं, मुंबईहून मागितलं तर ईमेलमागून ईमेल.

विम्याबद्दल थोडक्यात. आपण पॉलिसी जायच्या तारखेपासून यायच्या तारखेपर्यंत काढतो, बेतून. परतीची तारीख हुकली की नेमकं गरजेच्या वेळी विम्याचं छत्र संपलेलं असतं. मुदत परतीच्या तारखेपुढे आठवडाभर घ्यावी. फरक किरकोळ असतो. आणि वादळाला नाव मिळाल्यावर काढलेली पॉलिसी त्या वादळासाठी सहसा चालत नाही, घर जळायला लागल्यावर आगीचा विमा कोण देईल! मुंबईहून निघण्याआधी काढली असेल तरच तिचा उपयोग.

फोनचं रडगाणं प्रत्येकाचं होतं. रोमिंगचा पॅक ठरावीक दिवसांचा, तोही परतीच्या तारखेला संपणारा. नवं तिकीट काढायचं तर कार्डाचा ओटीपी भारतातल्या नंबरवर येणार, आणि बऱ्याच जणांनी ते सिम काढून पाकिटात टाकलेलं, कारण स्थानिक सिम स्वस्त. कुणाचं सिम त्या पाकिटात सापडेना, कुणाचं रोमिंगच सुरू केलेलं नाही. भारतातलं सिम फोनमध्ये चालू ठेवा, डेटा हवा तर दुसऱ्या सिमवर घ्या. कंपनीची फोनलाइन तिथून लागत नव्हती, तेव्हा भाच्यानं ठाण्याहून भारतातल्या ग्राहक सेवेला फोन लावला. बार्बाडोस आपल्यापेक्षा साडेनऊ तास मागे. तिथे मध्यरात्र उलटते तेव्हा इथे सकाळची कार्यालयं उघडतात. वादळात अडकलेले सगळे प्रवासी तिथल्या नंबरवर तुटून पडलेले असताना इथली लाइन मोकळी होती. आमच्या जागा त्यानं पक्क्या केल्या आणि वर ऐकवलं, ‘मामा, फायनल तुम्ही बघायची आणि होल्डवरचं संगीत मी ऐकायचं!’

गोळ्या. माझी रक्तदाबाची, बायकोची थायरॉइडची. मोजून आणलेल्या नव्हत्या म्हणून निभावलं. औषध आठवड्याचं जास्त, तेही हातातल्या बॅगेत, आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीवर औषधाचं मूळ नाव लिहून घ्यायचं. आपल्याकडचं कंपनीचं नाव तिथल्या औषधवाल्याला कळत नाही.

यानंतरचा भाग मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, कारण तो वादळाविनाही कुणाच्याही नशिबी येऊ शकतो. गयाना हा पीतज्वराचा धोका असलेला देश आहे. पीतज्वर भारतात नाही. पण तो पसरवणारा एडिस डास, तोच आपला डेंगीवाला, घराघरात आहे. एक आजारी माणूस आला आणि इथल्या डासांनी तो रोग उचलला तर काय होईल, या भीतीपोटी भारताचे नियम कडक आहेत आणि ते असावेतच. धोक्याच्या देशातून निघाल्यापासून सहा दिवसांच्या आत भारतात उतरणाऱ्याकडे लशीचं प्रमाणपत्र नसेल तर त्याला विलगीकरणात ठेवतात, जास्तीत जास्त सहा दिवस. विमानतळावरूनच. घरचे बाहेर हार घेऊन उभे असले तरी.

ही लस कोपऱ्यावरच्या दवाखान्यात मिळत नाही. सरकारमान्य केंद्रांवरच मिळते, तिथे वेळ घ्यावी लागते, आणि टोचल्यावर प्रमाणपत्र लागू व्हायला दहा दिवस जावे लागतात. म्हणजे निघायच्या आदल्या आठवड्यात आठवण झाली तर उशीर झालेला असतो. एकदा घेतली की आयुष्यभर पुरते. साठी उलटलेल्यांनी आणि अंड्याची ॲलर्जी असणाऱ्यांनी आधी डॉक्टरांना विचारायला हवं. आम्ही तिघांनी ती महिनाभर आधी घेतली होती. पिवळं छोटं पुस्तक मिळतं, ते पासपोर्टच्याच कव्हरमध्ये ठेवायचं. बायकोनं ते रबरबँडनं पासपोर्टला बांधून टाकलं होतं.

मुंबईत उतरल्यावर आरोग्य कक्षाच्या टेबलापाशी आमच्या पुढे नाशिकचा एक तरुण होता. आमच्यासारखीच सेमीफायनल बघून आलेला. कार्ड नव्हतं. ‘ब्रिजटाउनला कुणीच विचारलं नाही,’ असं तो पुन्हा पुन्हा सांगत होता, आणि ते खरंही होतं. आम्हालाही तिथे विचारलं नव्हतं. पण दुसऱ्या देशानं विचारलं नाही म्हणून आपला देश विचारणार नाही असं कुठे आहे? टेबलामागच्या बाईंनी त्याच्या पासपोर्टचं एकेक पान उलटलं, गयानाहून निघाल्याचा शिक्का सापडल्यावर त्यावर बोट ठेवलं आणि दुसऱ्या हाताच्या बोटांच्या पेरांवर दिवस मोजायला सुरुवात केली. अठ्ठावीस, एकोणतीस, तीस... तो मुलगाही ओठांतल्या ओठांत त्यांच्याबरोबर मोजत होता. वादळानं खाल्लेले दिवस तिथे कामी आले. त्याला गयाना सोडून आठवडा झाला होता. सहा दिवस आदल्या दिवशीच संपले होते. मूळ तिकिटाप्रमाणे तो ३ जुलैला उतरला असता तर थेट विलगीकरणात गेला असता. बाईंनी शिक्का मारला आणि फक्त एवढंच म्हणाल्या, ‘ताप आला तर लगेच दाखवायचं, आणि डॉक्टरांना कुठे जाऊन आलात ते सांगायचं. लपवायचं नाही.’ हे मात्र सगळ्यांनाच लागू. परत आल्यावर दोन आठवड्यांत ताप आला तर पावसाळ्यातला साधा ताप म्हणून क्रोसिन घेऊन पडू नका. प्रवासाचं सांगितलं नाही तर डॉक्टर तरी काय ओळखणार?

सामानाबद्दल सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. स्पर्धा बघून येणारा माणूस बॅट घेऊन येतो. सह्यांची, शोभेची, कशीही असो, ती हातातल्या बॅगेत चालत नाही; सुरक्षारक्षकाला ती बॅट दिसत नाही, दांडकं दिसतं. ब्रिजटाउनच्या तपासणीपाशी एक मुलगा बॅट छातीशी धरून रडकुंडीला आलेला पाहिला. मोठं सामान आत गेल्यावर तिथे काही उपाय उरत नाही. ती आधीच मोठ्या बॅगेत कपड्यांत गुंडाळून टाकायची.

बार्बाडोस म्हणजे रम. माउंट गे तिथलीच, १७०३ सालापासूनची, आणि त्या बेटावर जाऊन ती न आणणारा पुरुष घरी तोंड कसं दाखवेल, हा मेहुण्यांचा प्रश्न. भारतात माणशी दोन लिटर मद्य शुल्कमुक्त आणता येतं. ड्यूटी फ्रीवाले बाटली पारदर्शक पिशवीत सीलबंद करून पावती आत दिसेल अशी ठेवतात. लंडनला विमान बदलताना पुन्हा तपासणी झाली तेव्हा ते सील शाबूत लागत होतं. मेहुण्यांनी ब्रिजटाउनच्या प्रतीक्षागृहातच बाटली बाहेर काढून तिचा फोटो गटावर टाकला होता. लंडनला ती कचऱ्यात गेली. सत्तर टक्क्यांहून कडक रम तर कुठल्याच बॅगेत चालत नाही, हेही जाता जाता.

किनाऱ्यावरचे विक्रेते गुलाबी पोटाचे मोठाले शंख विकतात. बायकोला एक देवघरासाठी घ्यायचा होता. हा शंख आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण असलेल्या प्राण्यांच्या यादीत आहे, पोवळ्यांचे बरेच प्रकारही तसेच. परवान्याच्या कागदाशिवाय ते विमानतळावर अडू शकतं. देवघरात आहे तो शंख बरा, असं म्हणून तिनं तो परत ठेवला, आणि विक्रेत्याला आपण का घेत नाही हे खाणाखुणा करून दहा मिनिटं समजावलं.

उरलेले बार्बाडोसचे डॉलर तिथेच संपवा. दोन बार्बाडोस डॉलर म्हणजे एक अमेरिकन, असा तिथे कायमचा भाव, पण मुंबईत ते कुणी घेत नाही. अमेरिकन डॉलर उरले तर दोन हजारांपर्यंत घरी ठेवता येतात, त्यावरचे १८० दिवसांत बँकेत किंवा अधिकृत विनिमयवाल्याकडे द्यायचे. टूर कंपनीबरोबर गेला असाल तर तिनं तुमच्याकडून टीसीएस, म्हणजे आगाऊ गोळा केलेला कर, घेतलेला असतो. ती रक्कम आयकर विवरणपत्र भरताना वळती करून किंवा परत मागून घेता येते. कित्येकांना तो कायमचा गेलेला कर वाटतो आणि ते सोडून देतात.

४ जुलैला संध्याकाळी नरिमन पॉइंटपासून वानखेडेपर्यंत संघाची मिरवणूक निघाली. संघ खास विमानानं आला होता. त्या विमानात आमच्यासाठी जागा नव्हती, हे सांगायला नको. फायनल मैदानात बसून पाहिलेल्या आम्ही ती मिरवणूक हीथ्रोच्या बाकावर फोनवर बघितली, तीही चार्जरच्या खांबापाशी उभ्या असलेल्या पाच-सहा अनोळखी भारतीयांबरोबर. घरी बसून सामना बघितलेला भाचा मात्र मरीन ड्राइव्हवर चपला हरवून आला.

विमानतळावरून घरी जाताना गाडी स्वतः चालवायची नाही, हे मी आधीपासून पाळतो. पूर्वेकडे साडेनऊ तासांची उडी मारल्यावर शरीराला मध्यरात्र आणि दुपार यांतला फरक कळत नाही. मेहुण्यांना पुण्याला जायचं होतं आणि त्यांनी आपली गाडी विमानतळाच्या पार्किंगमध्ये ठेवलेली. ‘द्रुतगती मार्ग आहे, अडीच तासांत पोचतो,’ म्हणाले. बायकोनं किल्ली हातातून काढून घेतली आणि त्यांना आमच्याकडे झोपायला आणलं. ते दुसऱ्या दिवशी दुपारी उठले.

आता मित्रमंडळीत २०२७ च्या एकदिवसीय विश्वचषकाचे बेत चालू आहेत. तो दक्षिण आफ्रिका, झिंबाब्वे आणि नामिबियात आहे. यांपैकी एकही देश पीतज्वराचा नाही, हे मी पाहून ठेवलंय. पण स्वस्त तिकिटं निघतात ती अदिस अबाबा किंवा नैरोबीवरून, आणि इथिओपिया आणि केनिया धोक्याच्या यादीत आहेत. विमानतळाच्या आत राहून विमान बदललं तर सहसा निभावतं. विमान चुकलं, रात्री कंपनीनं गावातल्या हॉटेलात नेलं, पासपोर्टवर शिक्का पडला, की मुंबईच्या त्या टेबलापाशी पिवळं पुस्तक मागणार. दक्षिण आफ्रिकाही जाताना मागू शकते, अदिस अबाबा किंवा नैरोबीच्या विमानतळावर बारा तासांहून जास्त काढले असतील तर. एका मित्रानं परवाच नैरोबीवरून जाणाऱ्या तिकिटाचा भाव पाठवला, फारच कमी आहे म्हणून. त्याला मी लसीकरण केंद्राचा पत्ता पाठवला.